साबणावरचा समुद्र

शालूताई कुबल यांना कुणी ‘लकी’ म्हटलेलं चालत नसे. टेक्ससच्या किनाऱ्यावर आम्ही राहायचो तेव्हा शनिवारी दुपारी धक्क्यावर त्यांची बोट लागली, की आजूबाजूचे गोरे लोक डोकावून बर्फाची पेटी बघत आणि हमखास म्हणत, “यू गॉट लकी टुडे.” शालूताई गोड हसून थँक यू म्हणायच्या. माणूस चार पावलं पुढे गेला की मराठीत पुटपुटायच्या, “लकी म्हणे. आठवडाभर माझ्या घरी येऊन बघ म्हणावं.”

आठवडाभर त्यांच्या घरी काय चालायचं ते मी पाहिलं आहे. मी नागपूरचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानाच्या खिडकीतून, आणि तेव्हाही लगेच पडदा ओढून घेतला होता. त्यांचे यजमान विनायकराव आणि मी एकाच केमिकल कंपनीत इंजिनियर. विनायकरावांना बोट नुसती धक्क्याला बांधलेली असली तरी मळमळायचं. त्यामुळे नांगराचा दोर धरायला दुसरा माणूस हवा होता, आणि माझी नेमणूक शालूताईंनी मला न विचारताच केली. “नागपूरकर, शनिवारी पहाटे पाचला. नाश्ता मी आणते. तू फक्त हात आण,” असं त्यांनी गणपतीच्या पॉटलक जेवणात जाहीर केलं. पुढची पाच वर्षं मी हात नेत राहिलो.

शालूताई हॉस्पिटलात नर्स होत्या. बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेले, आवाज मात्र वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाणारा. हॉस्पिटलात पेशंटचा चार्ट ठेवतात तसा त्यांनी समुद्राचा चार्ट ठेवला होता. जाड वही, त्यात तारीख, वारा, पाण्याची ओढ कुठल्या दिशेला, खोली किती वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप), बोटीची जागा सांगणाऱ्या लोरान यंत्रावर दिसणारे दोन आकडे, कुठलं आमिष लावलं, काय मिळालं. काही मिळालं नाही तर तेही. “न मिळाल्याची नोंद जास्त महत्त्वाची,” त्या म्हणायच्या. “मिळालं की माणूस फोटो काढतो आणि विसरतो.” सोमवारी दोर तपासायचा, मंगळवारी गऱ्या घासून धार लावायची. गरीचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचं. सरकलं तर बोथट, रुतलं तर ठीक. बुधवारी आमिष. माकूल, म्हणजे स्क्विड, ताजंच पाहिजे, फ्रीजमध्ये महिनाभर पडलेलं नाही. “तू शिळं जेवतोस का?” मी जेवत असे, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

हे सगळं एका माशासाठी. अमेरिकेत त्याला रेड स्नॅपर म्हणतात. शालूताईंसाठी ती तांबोशी होती, आणि सगळ्यांशी त्या तांबोशी असंच म्हणत. बंदरावरचे दोनतीन टेक्सन म्हातारेही शेवटी तांबोशी म्हणायला लागले, इतका त्यांचा धाक.

त्या मालवणकडच्या, गाबीत कोळ्यांच्या घरातल्या. वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. कधी निघायचं, कुठे थांबायचं, कधी परतायचं, सगळं तांडेलाच्या शब्दावर. आणि त्या गावात बाईनं होडीत पाय ठेवायचा नाही असा कडक रिवाज होता. ठेवला तर मासा जातो म्हणे. बाईनं मासा विकावा, साफ करावा, खारवावा, जाळं सांधावं. होडी पुरुषांची. मग शालूताईंना समुद्र कुठे भेटला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी सांगितलेलं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

त्यांच्या वडिलांकडे तळ बघायचं साधन म्हणजे दोराला बांधलेला शिशाचा गोळा. गोळ्याच्या बुडाला खळगा, आणि त्यात धुण्याचा साबण दाबून भरलेला. गोळा तळाला टेकला की साबणाला तिथलं जे असेल ते चिकटतं: चिखल, वाळू, शिंपल्यांचा चुरा. चिखलात तांबोशी नाही. शिंपल्यांचा चुरा आला म्हणजे जवळपास खडप, पाण्याखालचा खडक, आहे, आणि खडपाशी तांबोशी. होडी परतली की तो गोळा धुऊन नवा साबण भरायचं काम घरातल्या मुलीचं. “मी सहा वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत रोज तळ धुतलाय,” शालूताई म्हणाल्या. “धुवायच्या आधी बघायचे. आबा खलाशांशी बोलत बसायचे, आज इथं टाकलं, तिथं टाकलं. मी साबण बघायचे आणि ऐकायचे. सगळा समुद्र मला साबणावरनं माहीत होता रे. फक्त आत कुणी जाऊ दिलं नाही.”

टेक्ससला आल्यावर जाऊ न देणारं कुणी नव्हतं. सुरुवातीला त्या तिकीट काढून मोठ्या बोटीवर जायच्या, जिच्यावर पंचवीसतीस माणसं कठड्याला ओळीनं उभी राहून गरवतात. अशा पहिल्याच खेपेला गंमत झाली. आदल्या दिवशी घरी सत्यनारायण होता. शालूताई डब्यात प्रसादाचा शिरा आणि पिशवीत डझनभर केळी घेऊन गेल्या, दिवसभराचं खाणं. म्हाताऱ्या कॅप्टननं पिशवीत डोकावलं आणि त्याचा चेहरा पडला. “मॅम, नो बनानाज ऑन माय बोट.” तिथल्या कोळ्यांचा पक्का समज, की बोटीवर केळं आलं की मासा जातो. मागच्या दोघांनी तर हातातल्या गरवायच्या काठ्या खाली ठेवल्या.

विनायकराव निरोप द्यायला आले होते. ते भांडायच्या तयारीला लागले. शालूताईंनी त्यांना थांबवलं. पिशवी त्यांच्या हातात दिली आणि कॅप्टनला म्हणाल्या, “युवर बोट, युवर रूल.” मग जरा थांबून म्हणाल्या, “बॅक होम, इट्स नॉट बनाना. इट्स मी.” कॅप्टनला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं, की आमच्या गावी बाईमुळे मासा जातो. कॅप्टन खो खो हसला आणि म्हणाला, असला खुळचटपणा त्यानं जन्मात ऐकला नव्हता. शिऱ्यातही केळं होतं, ते शालूताईंनी त्याला सांगितलं नाही. त्यांनी प्रसाद म्हणून त्यालाच वाटीभर दिला. त्या दिवशी त्या बोटीवर सगळ्यांत मोठी तांबोशी शालूताईंनी काढली, आणि शिऱ्यात काय होतं ते त्याला उतरताना सांगितलं.

दोन वर्षांनी त्यांनी स्वतःची जुनी बोट घेतली. तेवीस फुटांची, एक इंजिन, खोली दाखवणारं कागदावर रेघा मारणारं यंत्र. यंत्र होतंच, तरी शिशाचा गोळा आणि साबण सुटला नाही. मोटेलात मिळतात तसल्या साबणाच्या छोट्या वड्या त्या जमवायच्या. मी टूरवरून आलो की आधी माझी बॅग तपासली जाई.

माझी पहिली चूक सांगतो, म्हणजे त्यांची शिकवण्याची रीत कळेल. यंत्राच्या कागदावर तळाला उंचवटा दिसला. शालूताईंनी काही म्हणायच्या आत मी उत्साहानं नांगर उचलला आणि धाडकन पाण्यात टाकला. थेट खडपावर. त्यांनी इंजिन बंद केलं, डब्यातून पोळीभाजी काढली आणि जेवायला बसल्या. सकाळचे साडेसात वाजले होते. मी विचारलं, “गरवायचं नाही का?” तर म्हणाल्या, “तू त्यांच्या घरावर लोखंड टाकलंस. आता अर्धा तास कुणी येत नाही. जेव.” जेवताना मग सगळं सांगितलं. पाण्याची ओढ बघायची. खडपाच्या अलीकडे, ओढ जिकडून येते तिकडे जायचं, नांगर हलके सोडायचा, आणि दोर देत देत बोट मागे सरकू द्यायची, अशी की बोटीची पाठ खडपाच्या डोक्यावर येऊन थांबेल. मग माकुलाचे तुकडे पाण्यात सोडायचे, चिमूट चिमूट. “जेवायला बोलवायचं, पोट भरवायचं नाही.” आणि मासा लागला की हिसका मारायचा नाही. “तुम्ही पुरुष लगेच ओढता. त्याला घेऊन वळू दे.”

त्यांचा खरा शोध मात्र वेगळा होता. सगळे लोक गरीचं शिसं तळाला टेकवून बसत. शालूताईंच्या वहीत हळूहळू दिसायला लागलं, की तळाला मिळते ती पोरंटोरं. मोठी तांबोशी खडपाच्या वर दोनतीन वाव तरंगत असते. “मोठी माणसं वरच्या मजल्यावर राहतात,” हे त्यांचं वाक्य. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चार वर्षांच्या नोंदींतून त्यांनी ते स्वतः काढलं, आणि त्या म्हाताऱ्या कॅप्टननं पुढे आपल्या गिऱ्हाइकांना तेच सांगायला सुरुवात केली. मला हे आठवलं की अजून ऊर भरून येतो. माझा त्यात वाटा फक्त दोर धरण्याचा, तरी येतो.

एवढं सगळं असून एक गोष्ट राहिली होती. त्या कधी बोलून दाखवत नसत, पण एकदा परत येताना, इंजिनाच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आबांनी एकदा माझ्या बोटीत बसावं. बाकी मला काही नको.”

आणि आबा आले. शालूताईंची आई गेल्यावर मुलीनं आग्रहानं सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. सत्तरी ओलांडलेले, ताठ, रापलेले, हाताची बोटं दोरखंडानं वाकडी झालेली. दोन्ही मुलगे मुंबईला नोकरीला लागले, होडी विकली. पहिल्याच आठवड्यात मला त्यांनी सांगितलं, “माझ्या मागसून घरात तांडेल नाय.” शालूताई तिथेच भाजी चिरत होत्या.

पहिल्या शनिवारी आबा आमच्याबरोबर धक्क्यावर आले. बोट सगळीकडून हात लावून पाहिली, नांगराचा दोर ओढून पाहिला, मान हलवली. शालूताईंनी हात पुढे केला. आबा शांतपणे म्हणाले, “आमच्यात बायलमाणूस होडयेर चढणा नाय. तू जा. मी हयच बसतंय.” रागानं नाही, दुखवायला नाही, जसं आपण सांगतो की मी कांदा खात नाही, तसं. ती बोट मुलीची, सुकाणू मुलीच्या हातात. ती चढणार आणि ते बापाला बघवणार नाही, म्हणून बाप चढणार नाही. शालूताईंनी हात मागे घेतला आणि मला म्हणाल्या, “दोर सोड.”

त्यांनी बोट थेट बाहेर समुद्रात काढली. मी चिडलो होतो. म्हटलं, “तुम्ही समजावून का सांगत नाही? अमेरिकेत आलेत ना ते?” शालूताई म्हणाल्या, “मी त्यांना समजवायला नाही बोलावलं. त्यांना दिसायला पाहिजे.”

परतताना त्यांनी एक गोष्ट केली. शिशाचा गोळा न धुता, साबणासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, आणि धक्क्यावर उतरून आबांच्या हातात दिला. आबांनी पिशवी उघडली. चष्मा कपाळावर सरकवला, साबण नाकाजवळ नेला, बोटानं दाबला. “हो खंयचो?” शालूताईंनी जागा सांगितली. “चिखल. हय काय गावाचा नाय,” आबा म्हणाले. खरंच काही मिळालं नव्हतं.

मग हा क्रमच पडला. दर शनिवारी बाप धक्क्यावर बाकड्यावर बसलेला, आणि मुलगी समुद्रातून त्याच्यासाठी तळ घेऊन येणार. आधी ते नुसतं बघून परत द्यायचे. नंतर प्रश्न विचारायला लागले. ओढ कुठली होती? वारा? किती वावांवर? शालूताई वही उघडून एकेक उत्तर वाचून दाखवायच्या, वॉर्डात डॉक्टरला रिपोर्ट देतात तशा, एकही शब्द जास्त नाही. आबा ऐकायचे आणि सांगायचे, पुढच्या खेपेला जरा उत्तरेला टाकून बघ. विनायकराव मला म्हणाले, “यार, बापलेक असे कधी बोललेच नसतील आयुष्यात.”

आठव्या की नवव्या शनिवारी साबणावर शिंपल्यांचा चुरा आला, आणि त्यात तांबूस खडे. वहीत ही जागा नव्हती, यंत्राच्या कागदावरही सपाट रेघ होती. आबांनी ते खडे नखानं काढून तळहातावर घेतले आणि बराच वेळ बघत राहिले. “खडप लांब नाय,” ते म्हणाले. शालूताई म्हणाल्या, “मलाही तेच वाटतं. पण कुठल्या अंगाला?” आबा उठून उभे राहिले. “असा सांगूक येवचा नाय. माका बघूक व्हया.”

पुढच्या शनिवारी पहाटे ते जावयाची पँट घालून आणि डोक्याला पंचा बांधून आमच्याआधी गाडीत बसले होते. धक्क्यावरून बोटीत शालूताई आधी चढल्या, मग मी. आबा काठावर क्षणभर थांबले, खाली पाण्याकडे बघून हात जोडले आणि चढले. चढले ते सरळ मागे जाऊन सुकाणूपाशी बसले. पन्नास वर्षांची सवय.

“आबा,” शालूताई म्हणाल्या, “ती माझी जागा.”

आवाज अगदी साधा होता. मी दोराकडे बघत बसलो. आबा उठले, आणि पुढे माझ्याजवळ येऊन बसले. “आणि लाइफ जॅकेट घाला. माझ्या बोटीत सगळे घालतात.” आबांनी आयुष्यात पहिल्यांदा ते नारिंगी जॅकेट घातलं, पट्टे मी लावून दिले.

त्या जागी पोचलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. बापलेकीनं साबणाचा गोळा सात वेळा टाकला आणि वर काढला. चिखल, चिखल, वाळू, मग चुरा. शेवटी यंत्राच्या कागदावर एक लहानसा उंचवटा आला. आबांनी माझ्या हातातून नांगर घेतला. बोट पुढे चालली, उंचवट्याच्या वरून, त्याच्याही पुढे, ओढीच्या अंगाला. नांगर दोन्ही हातांत धरून आबा मागे वळले आणि त्यांनी मुलीला विचारलं, “टाकूं?”

शालूताईंनी पाण्याकडे बघितलं. “नको. अजून थोडं.” म्हातारा नांगर धरून तसाच उभा राहिला. “आता,” शालूताई म्हणाल्या, आणि नांगर इतका हलके पाण्यात गेला की मला त्याचा आवाजही आला नाही.

मग वीस मिनिटं काहीच झालं नाही. गरीचे तिन्ही दोर तळाला. तिघांच्याही मनात एकच गोष्ट होती: बाई होडीत आली, म्हणून मासा गेला. गावी हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. आज मासा आला नसता तर आबा एक अक्षर न बोलता घरी गेले असते, आणि शालूताई पुन्हा कधी त्यांना बोलावू शकल्या नसत्या. मी नास्तिक माणूस, पण मनातल्या मनात आमच्या नागपूरच्या गणपतीला साकडं घालून बसलो.

शालूताईंनी वही उघडली, मिटली. “आबा, दोन वाव वर घ्या.”

“तांबोशी तळाक असता,” आबा म्हणाले.

“पोरं तळाला असतात. मोठी वर. घ्या दोन वाव.”

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग हाताचे दोन वाव करून दोर वर घेतला. लगेच त्यांच्या बोटांतून दोर सरकला. त्यांनी हिसका दिला नाही. सरकू दिला, वळू दिला, मग घट्ट धरला. जी वर आली ती मी माझ्या आयुष्यात पाहिलेली सगळ्यांत मोठी तांबोशी होती, लालभडक, बोटीच्या तळावर शेपटी आपटत. त्यानंतर दुपारपर्यंत कुणाला बोलायला सवड मिळाली नाही.

धक्क्याला लागल्यावर आबांनी पेटी उतरवून घेतली आणि म्हणाले, वाटणी मी करतो. फळ्यांवर मासे मांडायला बसले. गावची रीत अशी, की प्रत्येक खलाशाला एक वाटा, होडीला एक, आणि तांडेलाला दोन. माझा वाटा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी मासा खात नाही हे त्यांना माहीत होतं, पण दोर धरला होता, म्हणजे वाटा आला. स्वतःपुढे एक ठेवला. होडीचा वाटा विनायकरावांना दिला, कारण बोट धुवायला तेच येणार होते. एक शालूताईंपुढे ठेवला. आता फळीवर ती एकच मोठी राहिली, त्यांनी स्वतः ओढलेली.

आबांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि मुलीपुढे ठेवली. “तांडेलाचो वाटो,” ते म्हणाले.

शालूताईंनी ती परत त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, “आबा, ही तुम्ही काढलीत. तुम्ही घ्या.”

“वाटो परत करूचो नसता,” आबा म्हणाले, आणि हात धुवायला नळाकडे गेले.

त्या महिनाअखेरीस माझी मिशिगनला बदली झाली, त्यामुळे त्यांच्याबरोबर समुद्रावर गेलो तो दिवस शेवटचा. मी बोट बांधत होतो. शालूताई तो मासा छातीशी धरून गाडीकडे निघाल्या होत्या, ब्लाउज भिजून लाल झाला होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. पाठीमागून आबा चालले होते. पुढे चालायची सवय असलेला तो माणूस मुद्दाम हळू चालत होता, दोन पावलं मागे राहून, आणि वाटेत जो कुणी गोरा भेटे त्याला पुढे चाललेल्या आपल्या मुलीकडे बोट दाखवून मालवणीतच सांगत होता, “माझी चेडू. तांडेल आसा.”